दोन बुखाऱ्या

लाकडं अंगरूपनं वाटली. आम्ही दोघं नुसते बघत उभे होतो, मी माझ्या दारात आणि मेढेकर त्यांच्या.

एक ओंडका डावीकडे, एक उजवीकडे. मध्येच थांबून त्यानं हातमोज्यानं नाक पुसलं आणि मला म्हणाला, "नौले साब, पुन्हा विचार करा. एकच बुखारी पेटवलीत तर हे मार्च संपेपर्यंत पुरेल. दोन पेटवल्यात तर फेब्रुवारीतच संपेल सगळं."

"तू वाट," मी म्हणालो.

त्यानं मेढेकरांकडे बघितलं.

"तो म्हणतोय तसं कर," मेढेकर म्हणाले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

अंगरूप आमचा पोऱ्या नव्हे, चाळिशीचा बाप्या होता. खालच्या दरचुंग गावातून दर आठ दिवसांनी वर यायचा. रॉकेल, पीठ, बटाटे पाठीवर आणायचा आणि संध्याकाळच्या आत उतरून जायचा. बोलायचा हिंदीत. त्या दिवशी काम संपल्यावर त्यानं चहासुद्धा घेतला नाही. कुणाच्या खोलीत बसून घ्यायचा, हा त्याला प्रश्न पडला असणार.

ही जानेवारी एकोणनव्वदची गोष्ट. लाहौलमध्ये एका उंच खोऱ्यात आमच्या खात्याची चौकी होती. बर्फ किती पडलं, पारा किती उतरला, वारा कुठून आला याची नोंद करायची आणि वायरलेसवरून खालच्या मुख्य ठाण्याला कळवायची, एवढंच काम. एका रांगेत तीन खोल्या, वर पत्रा. मधली वायरलेसची आणि टोकाच्या दोन राहायच्या. त्या दोन्हींत एकेक बुखारी, म्हणजे पत्र्याची उभी गोल शेगडी. तिच्या डोक्यावरून निघालेला पाइप छतातून बाहेर जातो. नोव्हेंबरात खिंड बंद झाली की मेपर्यंत खोऱ्याबाहेरून कुणी आत येत नाही, कुणी खोऱ्याबाहेर जात नाही.

मी सव्वीस वर्षांचा होतो, बार्शीचा. केशव मेढेकर अठ्ठेचाळीसचे, वाईकडचे. त्या अख्ख्या खोऱ्यात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. मी रुजू झालो त्या दिवशी त्यांनी माझे कागद बघितलेच नाहीत. विचारलं, "नवले, पिठलं येतं का करायला?"

"येतं."

"मग टिकशील."

आणि खरंच टिकलो. दोघं एकाच खोलीत राहायचो, दुसरी बुखारी बंदच असायची. डिसेंबरात ते बर्फावरून घसरून पडले, कंबर धरली ती धरलीच. त्यामुळे लाकडं मी फोडायचो आणि स्वयंपाक ते करायचे. त्यांना दोन मुली, मोठीचं लग्न ठरत आलेलं. रोज जेवताना ते मला एकेक स्थळ सांगायचे आणि विचारायचे, "तुला काय वाटतं?" जसं काही माझ्या मतावर ते लग्न अडलं होतं.

संक्रांतीला त्यांनी गुळाच्या पोळ्या केल्या. तीळ बहुधा घरूनच बांधून आणले होते. पोळ्या करपल्या. आम्ही हसत हसत खाल्ल्या. मी तर चार खाल्ल्या.

त्यानंतर आठ दिवसांनी, बावीस तारखेला, सकाळची नोंद कळवायला मी वायरलेसवर बसलो. एरवी ते काम मेढेकर करायचे, त्या दिवशी त्यांची कंबर जास्त दुखत होती. आकडे सांगून झाल्यावर पलीकडचा माणूस म्हणाला, "नवले, वडिलांचं समजलं. फार वाईट झालं. आता सावरलास ना जरा?"

मी म्हणालो, "कुणाच्या वडिलांचं?"

पलीकडे नुसती खरखर. मग तो म्हणाला, "मेढेकरांना विचार," आणि बंद केलं.

मी खोलीत गेलो. मेढेकर पालथे पडून कमरेला गरम पाण्याची पिशवी लावत होते. माझा चेहरा बघून उठून बसले. त्यांना विचारावं लागलंच नाही.

"अकरा तारखेला निरोप आला," ते म्हणाले. "भावानं पाठवला. पहाटे झोपेतच गेले. त्रास झाला नाही."

"आज बावीस आहे."

"हो."

"संक्रांतीला तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी पिशवी बाजूला ठेवली.

"मी पोळ्या खाल्ल्या. मी हसत होतो. माझा बाप जाऊन तीन दिवस झाले होते आणि तुम्ही मला तूप वाढत होतात!"

"नवले, ऐक. सांगून काय केलं असतंस तू? खिंड बंद, हेलिकॉप्टर नाही. तू बर्फात निघाला असतास. दोन वर्षांपूर्वी असाच एक पोरगा आई गेली म्हणून निघाला होता. मे महिन्यात सापडला. तेराव्यानंतर सांगणार होतो तुला. देवाशपथ."

"ते मी ठरवलं असतं. जायचं की नाही, ते माझं मी ठरवलं असतं."

"तू वयानं लहान आहेस."

या एका वाक्यावर मी उठलो. माझी वळकटी, ताट, वाटी आणि कुऱ्हाड घेऊन पलीकडच्या खोलीत गेलो. दारातून म्हणालो, "मला तुमचं तोंड बघायचं नाही. यापुढे माझ्याशी बोलू नका, मी तुमच्याशी बोलणार नाही."

त्या दुपारी मी कात्रीनं स्वतःच स्वतःचे केस कापले. आरसा दाढीचा, हाताएवढा. मागचे कापता येईनात. पलीकडच्या खोलीत एक माणूस होता, त्यानं दोन मिनिटांत कापून दिले असते. मी मफलर गुंडाळला आणि तसाच राहिलो.

दुसऱ्या दिवशी अंगरूप आला. मी त्याला लाकडं वाटायला सांगितली.

आता सकाळची साडेआठची नोंद मेढेकर घ्यायचे, संध्याकाळची मी. वहीत त्यांच्या आकड्यांखाली माझे आकडे. आमचं तेवढंच बोलणं. कुऱ्हाड एकच होती, ती मी वायरलेसच्या खोलीच्या भिंतीला टेकवून ठेवायचो. माझी लाकडं मी दुपारी फोडायचो. माझं झालं की थोड्या वेळानं त्यांचं दार वाजायचं. मग कुऱ्हाडीचा एक घाव. बऱ्याच वेळानं दुसरा. पाचसहा घाव झाले की थांबायचं. एकदा खिडकीतून बघितलं, तर कुऱ्हाडीवर दोन्ही हात टेकून वाकून उभे होते आणि तोंडातून वाफ येत होती. त्यांच्यासमोरचा ओंडका साबूत होता.

मी खिडकीपासून बाजूला झालो. फोडून दिली असती तर मला अर्धा तास लागला असता. मला तेव्हाही ते कळत होतं.

मग हळूहळू त्यांच्या पाइपातून काळा धूर यायला लागला. लाकडाचा धूर कसा निळसर असतो, तो वर जातो आणि विरतो. हा जड होता. पत्र्यावरून खाली उतरायचा. त्यांच्या बाजूचं बर्फ काजळीनं ठिपक्याठिपक्यांचं झालं. वासही कधी डांबराचा, कधी जळक्या वायरीचा. बॅटऱ्या ज्या रंगवलेल्या प्लायच्या खोक्यांतून यायच्या, ती खोकी मागच्या पडवीतून एकेक करून गेली. थर्मोकोल गेला. छताच्या दुरुस्तीसाठी आणलेल्या डांबरी कागदाची गुंडाळी गेली. हातानं मोडता येईल, पायानं दाबून फोडता येईल, ते सगळं ते जाळत होते.

एकतीस जानेवारीला अंगरूप आला तो थेट माझ्याकडे.

"साब, ते तिकडं काय जाळताहेत?"

"मला काय माहीत? त्यांना विचार."

"विचारलं. म्हणाले, चालतंय, ऊब लागते." तो बुखारीजवळ उकिडवा बसला. "ऊब लागते, पण पाइपात काय बसतं ते दिसत नाही. लाकडाची काजळी झटकली की पडते. ही डांबरासारखी चिकटते. आतून पाइप भरत जातो. एक दिवस धूर बाहेर जायचा बंद होतो आणि खोलीत भरतो. त्यातला काळा धूर बरा, त्यानं खोकला तरी येतो. दुसरा दिसत नाही, त्याला वास नाही. माणूस बसल्या जागी झोपतो. माझा चुलतभाऊ रस्त्याच्या कामावर होता. छपरीत पाच जणांनी टायरचे तुकडे जाळले. सकाळी पाचही तसेच बसलेले होते."

"त्यांना सांग ना हे."

"सांगितलं. तुम्ही सांगा. तुमच्या भाषेत सांगितलं तर ऐकतील."

मी बुखारीत एक लाकूड सारलं.

त्यानं हातमोजे चढवले. उठताना म्हणाला, "पाइप उतरवून साफ करायला दोन माणसं लागतात. पुढच्या खेपेला मेव्हण्याला घेऊन येतो. तोवर त्यांना लाकूडच जाळू द्या."

आम्ही दोघं होतो की. पाइप उतरवायला दोनच माणसं लागतात. पण त्यालाही हे म्हणायचं धाडस झालं नाही.

सहा तारखेपासून बर्फ लागलं. पाच दिवस पडत राहिलं. अंगरूप येणं शक्य नव्हतं.

अकरा फेब्रुवारीला सकाळी उघडलं. सहाच्या सुमाराला पलीकडे बुखारीचं झाकण वाजलेलं मी अंथरुणातून ऐकलं होतं. साडेआठला त्यांचं दार वाजायला हवं होतं. नाही वाजलं. पावणेनऊ झाले. मी चिडून उठलो. बर्फ तुडवत गेलो, पारा बघितला, उणे एकवीस. नोंद केली आणि त्यापुढे मुद्दाम माझी सही ठोकली, म्हणजे पुढं कुणी विचारलं तर कळावं की काम कुणी केलं.

परत येताना वर बघितलं. त्यांच्या पाइपातून धूर येत नव्हता.

दहा वाजता मी त्यांच्या दारापर्यंत गेलो. माझ्या घड्याळात बरोबर दहा वाजले होते, हे मी विसरलेलो नाही. दाराखालच्या फटीतून जळक्या रबराचा वास येत होता. आत काहीतरी वाजलं. खाटेवर लाकूड आपटावं तसं. एकदा, मग थांबून पुन्हा एकदा.

मी हात वर केला. ठोठावलं असतं तर काहीतरी बोलावं लागलं असतं. "साहेब" म्हणावं लागलं असतं. वीस दिवसांनंतर पहिला शब्द माझा झाला असता. आणि आतून काही वाजतंय म्हणजे माणूस जागा आहे, उठलाय, काहीतरी करतोय. त्यांना मदत हवी असेल तर ते हाक मारतील. मारू दे त्यांना हाक.

मी हात खाली घेतला आणि परत आलो.

आल्यावर तांदूळ निवडले. भात लावला. बार्शीला भावाला पत्र लिहायला घेतलं, जे मेशिवाय जाणार नव्हतं. कान मात्र तिकडेच होते. काही वाजलं नाही. साडेबारा व्हायला आले तेव्हा मी भाताचं झाकण उघडलं आणि एकाएकी ते तसंच खाली टाकलं. का ते सांगता येत नाही. मी पळत सुटलो.

"साहेब! साहेब, दार उघडा!"

आतून कडी होती. कुऱ्हाडीनं तीन घाव घातले तेव्हा कडी तुटली. खोलीत धूर फारसा नव्हताच. खिडकी मात्र आतून काळी झाली होती. मेढेकर खाट आणि दार यांच्यामध्ये जमिनीवर होते, एक हात खाटेच्या पायाशी. चेहरा लालसर दिसत होता, जसा झोपेतल्या माणसाचा असतो.

त्यांना काखेत धरून बाहेर ओढलं. घोंगडं टाकून बर्फातच बसवलं, पाठ माझ्या छातीला टेकवून. श्वास होता. मध्येच थांबायचा आणि मग एकदम आत ओढला जायचा. थोड्या वेळानं ओकले. डोळे उघडले, पण मी दिसत नव्हतो त्यांना.

वायरलेसवर डॉक्टर आले. म्हणाले, मोकळ्या हवेत ठेवा, ऊबेत ठेवा, झोपू देऊ नका. आणि हेलिकॉप्टर? हवा बघून सांगतो.

हवा दोन दिवस मिळाली नाही. मी त्यांना माझ्या खोलीत आणलं, दार उघडं ठेवून बुखारी पेटवली आणि त्यांना झोपू द्यायचं नाही म्हणून बोलत राहिलो. वीस दिवसांचं साठलेलं सगळं बोललो. वडिलांचं बोललो. त्यांचं सायकलचं दुकान, पंक्चर काढताना ते ट्यूब गालाला लावून हवा कुठून जाते ते बघायचे, ते सांगितलं. मोठ्या मुलीसाठी कऱ्हाडचं स्थळ चांगलं आहे, तेच पक्कं करा, असंही सांगितलं. मेढेकर छताकडे बघत होते. बोलणाऱ्या माणसाला ऐकणारा नसला की स्वतःचा आवाज किती मोठा वाटतो, ते मला त्या दोन दिवसांत कळलं.

मध्येच त्यांच्यासाठी कपडे आणायला मी त्यांच्या खोलीत गेलो. बुखारीत अर्धवट जळलेला रबरी बूट होता, खात्यानं दिलेला. पाइप हलवून सोडवला, तर आतून चकचकीत काळ्या डिंकासारखं काहीतरी, दोन बोटं जातील एवढीच वाट शिल्लक होती. आणि मागच्या भिंतीला अंगरूपनं वाटून दिलेली त्यांची लाकडं रचलेली होती, जवळजवळ सगळी. जाडच्या जाड, न फोडलेली.

तेरा तारखेला हेलिकॉप्टर आलं.

मी अहवाल लिहिला. त्यात लिहिलं, 'दुपारी १२.२५ वाजता श्री. मेढेकर यांच्या खोलीतून धूर येत नसल्याचे लक्षात आले.' खात्यानं मला प्रशंसापत्र दिलं. प्रसंगावधान राखून सहकाऱ्याचे प्राण वाचवल्याबद्दल.

मेढेकर वाचले, पण पहिल्यासारखे झाले नाहीत. जीभ जड झाली, उजवा हात थरथरायचा, नावं आठवायची नाहीत. मुदतीआधी निवृत्त केलं त्यांना. माझी पुण्याला बदली झाली. लग्न झालं, मुलगा झाला. ते प्रशंसापत्र बायकोनं फ्रेम करून लावायला काढलं, तेव्हा मी तिच्यावर विनाकारण ओरडलो होतो. वाई पुण्यापासून दोन-अडीच तासांवर. अकरा वर्षं मी गेलो नाही.

दोन हजार साली गेलो. एकटाच. घर गावाबाहेर, समोर पेरूची दोन झाडं. मेढेकरवहिनींनी दार उघडलं, नाव सांगितलं तसा त्यांनी माझा हातच धरला. "अहो, बघा कोण आलंय! नवले आलेत!" मग मला म्हणाल्या, "तुमचा एखादा फोटो असता तर मी देवात ठेवला असता. दोन्ही पोरींची लग्नं यांनी स्वतः उभं राहून केली. कुणामुळे?"

मेढेकर खुर्चीत होते. केस पांढरे, अंगात स्वेटर, मे महिना असून. माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

"पिठलं," ते म्हणाले.

"हो साहेब. तोच मी."

हसले. वहिनी चहा टाकायला आत गेल्या. आत स्टोव्हचा आवाज सुरू झाला. मी खुर्ची पुढे ओढली. हे बोलायलाच आलो होतो आणि वाक्य सातारा रस्त्यावर चारदा घोकलं होतं.

"साहेब, त्या दिवशी मी..."

"दहाला," ते म्हणाले.

मी थांबलो.

ते एकेक शब्द शोधून आणत होते. "दहाला आलास. बूट... वाजले. मी खाली पडलेलो. हाक मारायची होती. तुझं नाव..." त्यांनी थरथरता हात ओठांशी नेला. "येईना. मग खाट ठोकली. दोनदा."

"मी ऐकलं साहेब," मी म्हणालो. अकरा वर्षांत हे कुणाला सांगितलं नव्हतं. "मी दोन्ही वेळा ऐकलं. आणि परत गेलो."

"हां."

आत कपबशा वाजल्या. त्यांनी मान थोडी पुढे केली आणि आवाज खाली आणला, तरी मला नीट कळावं म्हणून सावकाश म्हणाले, "हिला नाही सांगितलं. तू पण... सांगू नको. तिला बरं वाटतं."

"साहेब, मला राहवत नाही. त्यांना तरी मी..."

"नको." मग म्हणाले, "वडिलांचं... चुकलं माझं. तुझं ते... ठरवणं होतं."

वहिनी बशीत लाडू घेऊन आल्या. "घ्या. एक काय, दोन घ्या. तुम्हाला बघून यांना कसं बोलावंसं वाटतंय बघा. एरवी दिवसदिवस गप्प असतात." मी दोन्ही लाडू खाल्ले.

त्यानंतर दर वर्षी एकदा जायचो. ते खुर्चीत, मी शेजारी. मी बोलायचो आणि ते ऐकायचे. तो विषय पुन्हा निघाला नाही. मला तो हलका झाल्यासारखाही कधी वाटला नाही, खोटं कशाला सांगू.

ते गेले तो निरोप वहिनींनी मला सकाळी सातला दिला, फोनवर, स्वतः. मी अकराच्या आत पोचलो. अंगणात माणसं होती, तिरडी बांधून तयार होती, जावई घड्याळ बघत होते. वहिनी मला बघून उठल्या.

"तुमच्यासाठी थांबवलं होतं," त्या म्हणाल्या. "आता उचला."

मी चपला काढल्या आणि पुढचा उजवा खांदा दिला.